अकरा जोड

थंडी नावाची वस्तूच नसते, हे मला वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी कळलं आणि पुढचे दोन दिवस मी घरात कुणाशी धड बोलले नाही. इतकी वर्षं ‘दार लाव, थंडी आत येतेय’ असं मी बिनधास्त ओरडत आले आणि मला कुणी म्हणजे कुणी टोकलं नाही. असते ती फक्त उष्णता, कुठे जास्त, कुठे कमी. एसी काय, फ्रिज काय, सगळ्यांचं काम हमालाचं. इथली उष्णता उचलायची आणि तिथे नेऊन टाकायची.

त्याआधी सोळा वर्षं मी एका कारखान्यात शर्टाच्या कॉलरी शिवल्या. नुसत्या कॉलरी. अख्खा शर्ट कसा दिसतो ते दुकानात गेल्यावर कळायचं. कारखाना बंद पडला तेव्हा नवरा नेहमीसारखा ट्रकवर होता. तो आठवड्यातले पाच दिवस रस्त्यावरच असतो, आणि घरी आम्ही दोघी, मी आणि सासूबाई. मी एसीचं काम शिकायला आठ महिन्यांच्या वर्गाला जाते म्हटल्यावर सासूबाई म्हणाल्या, “जा की. पण आधी आपला फ्रिज का घुरघुरतो ते बघ.” वर्गात बावीस जण होते आणि त्यातले एकवीस मला काकू म्हणायचे. बाविसावी मी.

तो उष्णतेचा धडा झाला त्या संध्याकाळी मी फ्रिज भिंतीपासून ओढला आणि सासूबाईंचा हात धरून मागच्या जाळीवर ठेवला.

“गरम आहे गं,” त्या म्हणाल्या.

“ही तुमच्या दुधातली ऊब आहे, आई. आतून उचलून इथे आणून टाकलीय.”

त्यांनी हात काढला, दार उघडून दुधाचं पातेलं बघितलं, परत मागे येऊन जाळी चाचपली. “म्हणजे मी गॅस जाळून तापवायचं आणि ऊब भिंतीला?” एवढं बोलून त्या स्वयंपाकाला लागल्या. पण दुसऱ्या दिवशी मी घरी आले तर शेजारीण फ्रिजच्या मागे हात घालून उभी होती आणि सासूबाई तिला समजावून सांगत होत्या.

वर्ग संपल्यावर एका कंपनीने मला मिस्त्रींच्या हाताखाली दिलं. मिस्त्री साठीला टेकलेले, कमी बोलणारे, आणि सगळे त्यांना पाठीमागे ‘थर्मामीटर’ म्हणायचे. पाइपला हाताची मागची बाजू लावली की ते आकडा सांगत. मला आधी ही थाप वाटली. मी तीनदा खरं थर्मामीटर लावून त्यांची परीक्षा घेतली आणि तीनदाही फरक एका अंशाच्या वर गेला नाही. चौथ्यांदा लावायची माझी हिंमत झाली नाही. मी शिवणकामाच्या सवयीने कॉलरला टाचण्या खोचून यायची, म्हणून त्यांनी मला पहिल्याच दिवशी ‘टाचणी’ करून टाकलं.

कंपनीची पद्धत अशी होती की तीन महिने मिस्त्रींबरोबर हिंडायचं, मग एक अख्खं काम एकटीने करायचं. मिस्त्री तिथे येऊन बघणार आणि पिवळ्या कार्डावर सही करणार. कार्डावर दोनच रकाने, पास आणि नापास. पास झालं तर स्वतःची अवजारांची बॅग आणि स्वतःची कामं. नापास झालं तर घरी. माझ्याआधीचे दोघे घरी गेले होते, आणि मला परत कुणाच्या कॉलरी शिवायच्या नव्हत्या. सोळा वर्षांत कॉलर शिवून मला कधी कशाचं नवल वाटलं नव्हतं. इथे रोज वाटत होतं. ते हातचं जाऊ नये, एवढंच मला हवं होतं.

माझ्या वाट्याला आलेलं काम होतं एका प्रसूतिगृहातली नवी खोली. कमी दिवसांची, हाताच्या ओंजळीत मावतील अशी बाळं तिथे ठेवायची होती. हिवाळा तोंडावर होता, म्हणून यंत्र असं हवं होतं की उन्हाळ्यात खोली गार करील आणि हिवाळ्यात उबदार ठेवील. तसं यंत्र मी पुस्तकात पाहिलं होतं. ते हिवाळ्यात उलटं चालतं. बाहेरच्या गार हवेतली उष्णता उचलतं आणि आत आणून टाकतं. गार हवेत कसली आलीय उष्णता, असं मी मिस्त्रींना विचारलं होतं. ते म्हणाले होते, “असते. बर्फातसुद्धा असते. आपल्याला लागत नाही एवढंच.” त्या वाक्यावर मी किती दिवस काढले, ते माझं मला माहीत.

गच्चीवरच्या यंत्रापासून खोलीपर्यंत तांब्याचा पाइप न्यायचा होता आणि त्यात अकरा जोड होते. जोड झाळणं हे मला या कामातलं सगळ्यात सुंदर काम वाटतं. एक नळी दुसरीत घालायची, गॅसच्या ज्योतीने दोन्ही तापवायच्या. तांबं आधी काळवंडतं, मग मंद लाल होतं. त्या क्षणी झाळायची सळई टेकवली की ती पाणी होते आणि दोन नळ्यांमधल्या केसाएवढ्या फटीत स्वतःहून ओढली जाते. वरच्या दिशेलासुद्धा. कुणी ढकलत नाही, कुणी ओतत नाही. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी सळई धरायचं विसरून नुसती बघत राहिले होते आणि मिस्त्रींनी माझ्या हातातून ज्योत काढून घेतली होती.

दहा जोड मनासारखे झाले. सातवा मात्र छताच्या कोपऱ्यात होता, मागे भिंत. मागची बाजू दिसायला मी छोटा आरसा धरला, एका हातात आरसा, दुसऱ्या हातात ज्योत, आणि सळई दातांत धरायचीच बाकी होती. झाला तो जोड, पण त्याच्याबद्दल माझं मन साफ नव्हतं.

मग चाचणी. पाइपची तोंडं बंद करायची, आत नायट्रोजन भरायचा, तीनशे पौंड दाब द्यायचा आणि रात्रभर तसाच सोडायचा. दाब दाखवणारा काटा सकाळी जागेवर असला तर जोड पक्के. वर्गातले सर म्हणायचे, काटा हलला की समजा कुठेतरी गळती आहे. मिस्त्रींची आणखी एक शिस्त होती. चिकटपट्टीवर तीन गोष्टी लिहून ती पाइपला लावायची. काटा, वेळ आणि खोलीचं तापमान. मी लिहिलं, ‘तीनशे, संध्याकाळी सहा, चोवीस अंश.’ तिसरा आकडा कशाला लागतो, हे मी कधी विचारलं नव्हतं. नारळ फोडताना बोट चेचू नये म्हणून माझी आई सांगायची त्या शंभर सूचनांपैकी एक असावी, असं धरून चालले होते.

नुकताच रंग दिला होता, तो वाळावा म्हणून रंगाऱ्याने खोलीच्या चारही मोठ्या खिडक्या सताड उघड्या ठेवल्या. मी घरी गेले. जेवताना सासूबाई म्हणाल्या, “आज गारठा पडणार. दुसरी गोधडी काढ.” मी काढली. त्यांनी विचारलं, “उद्या सही?” मी म्हटलं, “काटा राहिला तर.” त्यांना काटा म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, तरी म्हणाल्या, “राहील.”

सकाळी सात वाजता मी त्या खोलीत एकटी होते. तोंडातून वाफ निघत होती. काट्यावर नजर गेली. दोनशे पंच्याऐंशी.

मी काचेवर टिचकी मारली. बोटाने पुसून पाहिलं. दोनशे पंच्याऐंशीच. पंधरा पौंड गेले होते. साबणाचं पाणी घेऊन मी शिडीवर चढले आणि सातव्या जोडाला ब्रशने फासलं. गळती असेल तर फुगा येतो. फुगा आला नाही. उरलेल्या दहांनाही फासलं. एकही फुगा नाही. म्हणजे गळती इतकी बारीक असणार की साबणालाही सापडत नाही, असं मी ठरवून टाकलं, आणि ती सातव्यातच असणार, हेही ठरवून टाकलं. कापून नवा करायला अर्धा दिवस, मग पुन्हा रात्रभर चाचणी. आणि कार्डावर दोनच रकाने.

नायट्रोजनची टाकी तिथेच होती, नळी जोडलेलीच. यात माझ्या हातांची फार चूक नाही, असं म्हणायला मला आवडेल, पण हात माझेच होते. मी टाकीची चावी पाव फेरा फिरवली. फुस्स असा बारीक आवाज झाला, काटा सरकत सरकत तीनशेवर आला, आणि मी चावी बंद केली. चार सेकंदांचं काम. इतकी व्यवस्थित मी आयुष्यात कॉलर बसवली नसेल.

मिस्त्री आठला आले. त्यांनी मफलर सोडला नाही. दारातूनच विचारलं, “काटा?”

“तीनशे. हलला नाही.”

ते आत आले. काट्याकडे बघितलं. मग पट्टी वाचली, तिन्ही आकडे, बोट ठेवून. मग पाइपला हाताची मागची बाजू लावली आणि ती तिथेच ठेवली, नेहमीपेक्षा बरीच जास्त वेळ. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

“दहा अंश,” ते म्हणाले. भिंतीवरचं थर्मामीटरही दहाच दाखवत होतं.

मग त्यांनी एकेक करून चारही खिडक्या बंद केल्या, कडी लावून. रंगाऱ्याचं एक रिकामं खोकं उलटं ठेवलं आणि काट्यासमोर बसले. “टाचणी, तूही बस.”

“पुढचं काम सुरू करू ना? पंप आणते.”

“बस म्हटलं ना.”

मी बसले. साडेआठला ऊन खिडकीच्या काचेतून आत आलं आणि जमिनीवर पसरलं. नऊला मला जॅकेट नको वाटायला लागलं. साडेनऊला मी सहज काट्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिले. काटा तीनशेच्या पुढे होता. थोडासा, पण पुढे.

पाइपला कुणी हात लावला नव्हता. टाकीची चावी बंद होती. मी उठून दोनदा तपासली. मिस्त्री म्हणाले, “बंदच आहे.” मी परत बसले.

दहाला काटा तीनशे पाचवर होता. मी आजवर मंदिरात गेले नाही असं नाही, पण ज्याला हात जोडावेत असं काही डोळ्यांदेखत घडताना मी कधी पाहिलं नव्हतं. ऊन भिंत तापवत होतं, भिंत हवा तापवत होती, हवा तांबं तापवत होती, आणि बंद नळीच्या आत, जिथे कुणाची नजर पोचत नाही, तिथे वारा फुगत होता. काहीही वाढलं नव्हतं, काहीही कमी झालं नव्हतं. नुसती ऊब आत शिरत होती आणि काटा तिचा हिशोब दाखवत होता. चिकटपट्टीवरचा तिसरा आकडा कशासाठी होता ते मला तेव्हा समजलं, आणि त्याच क्षणी आणखी एक गोष्ट समजली. ऊन चढताना काटा चढतो, म्हणजे गारठ्यात तो उतरायला हवा होता. दोनशे पंच्याऐंशी ही गळती नव्हतीच. ती रात्र होती.

आणि गारठलेल्या सकाळी काटा संध्याकाळच्याच जागेवर आहे, असं मी ज्या माणसाला सांगितलं, तो माझ्याशेजारी खोक्यावर बसून होता. त्याला पाइपला हात लावताच कळलं होतं.

मी तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण मी काट्याकडेच बघत बसले आणि तो सरकतच होता. तीनशे आठ. तीनशे अकरा. एक वाजता थर्मामीटर चोवीसवर आलं, अगदी काल संध्याकाळी होतं तिथे, आणि काटा तीनशे पंधरावर येऊन थांबला.

“किती भरलेस?” मिस्त्रींनी विचारलं. आवाज रोजचाच.

“पंधरा.”

“कुठला जोड गळतोय असं वाटलं?”

“सातवा.”

“आता तीनशे पंधरा म्हणजे काय, ते तूच सांग.”

मी मनातल्या मनात मांडणी केली. “काल चोवीस अंशांना तीनशे होते. आज मी पंधरा घातले. आज चोवीस अंशांना तीनशे पंधरा आहेत. म्हणजे रात्रभरात काहीच गेलं नाही.”

“सातव्यातून?”

“सातव्यातूनही नाही. अकरा जोडांतून काहीच नाही.”

“आणखी काय?”

“आणखी, मी तुमच्याशी खोटं बोलले.”

ते उठले. गुडघ्यावर हात देऊन, सावकाश. “मी पाइपला हात लावला तेव्हाच सांगितलं असतंस तर दहा मिनिटांत चहा पीत बसलो असतो. मीच तुला सांगितलं असतं, अंशाला साधारण एक पौंड. चौदा अंश उतरले, पंधरा पौंड उतरले. चोख काम.” मग खोलीभर नजर फिरवत ते म्हणाले, “इथे बाळं ठेवणार आहेत, टाचणी. उद्या मी नसेन, गळती खरी असेल, आणि तू असाच काटा भरून घरी जाशील. यंत्र आठ-दहा दिवस चालेल. मग एका पहाटे ही खोली गार पडेल.”

मला रडू येत होतं आणि रागही येत होता, त्यांचा नाही, माझाच. इतकं निर्दोष काम मी आयुष्यात कधी केलं नव्हतं आणि त्याच्यावर विश्वास न ठेवणारी जगात एकटी मीच निघाले होते.

त्यांनी खिशातून चाचणीचा कागद काढून माझ्या हातात दिला. हा कागद कंपनीच्या मालकांकडे जातो. “भर,” म्हणाले आणि पंप आणायला स्वतःच जिना चढून गेले. सकाळचा रकाना मोकळा होता. तिथे काय लिहायचं ते त्यांनी सांगितलं नव्हतं. ‘सकाळी सात, दहा अंश, दोनशे पंच्याऐंशी’ इतकं लिहिलं असतं तर ते खोटं ठरलं नसतं, आणि मालकांना कधी काही कळलंही नसतं. मी ते लिहिलं. मग खाली लिहिलं, ‘गळती समजून मी पंधरा पौंड भरले आणि मिस्त्रींना सांगितलं नाही.’ खाली सही केली. अक्षर फार वाईट आलं.

मिस्त्री परत आले, कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला. म्हणाले, “नळी जोड.”

आम्ही नायट्रोजन सोडला, पंप लावून पाइपमधला वारा उपसला, यंत्रातला, उष्णता वाहून नेणारा गॅस पाइपमध्ये मोकळा केला. हे सगळं मी केलं, ते बघत होते. पाच वाजता मी बटण दाबलं, उबेच्या बाजूला. बाहेर पुन्हा गारठा उतरू लागला होता. गच्चीवर पंखा फिरायला लागला. मी त्याच्यासमोर हात धरला आणि झटकन मागे घेतला. त्यातून येणारी हवा भोवतालच्या हवेपेक्षाही गार होती. गारठ्यातूनच ऊब काढून घेतली होती आणि आणखी गार झालेली हवा त्याने परत दिली होती. मी धावत खाली आले.

खोलीत मोठ्या सिस्टर उभ्या होत्या, आतल्या यंत्राच्या जाळीखाली दोन्ही तळवे वर करून. तिथली सगळी बाळं त्यांच्या ताब्यात असतात आणि त्या सहसा हसत नाहीत.

“हीटर कुठे बसवलात?” त्यांनी मला विचारलं.

“हीटर नाही, सिस्टर. ही बाहेरून आणलीय.”

“बाहेर तर गारठा आहे.”

“त्याच गारठ्यातून आणलीय.”

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं, मग माझ्याकडे, मग परत तळव्यांकडे. “असं होतं?”

“होतं,” मी म्हटलं. अकरा जोडांतून ती ऊब येत होती आणि ते अकराही मी झाळले होते. त्या क्षणी कार्डाचा मला खरंच विसर पडला होता.

मिस्त्रींना पडला नव्हता. जिन्यात त्यांनी कार्ड काढलं, कठड्यावर ठेवलं आणि चष्मा लावला. पासच्या रकान्यात काही लिहिलं नाही. नापासच्या रकान्यातही नाही. खाली कडेला, जिथे कुणी काही लिहीत नाही तिथे, बारीक अक्षरात लिहिलं, ‘काम उत्तम. आणखी तीन महिने माझ्याबरोबर. मग पुन्हा.’

“मालक असं चालवून घेतील?” मी विचारलं.

“कागदावर तू लिहिलंस ते वाचतील तर घेतील. नसतं लिहिलंस तर मी नापास लिहिणार होतो.” त्यांनी पेनाला टोपण लावलं. “उद्या साडेसात. आणि आता घरी जा.”

घरी सासूबाई दारातच होत्या. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पदरानेच माझ्या हाताची काजळी पुसायला लागल्या. “राहिला का तुझा तो काटा?”

“राहिला, आई. अकराच्या अकरा जोड पास झाले.”

“आणि तू?”

“मी नाही झाले.”

त्यांनी हात पुसायचं थांबवलं नाही. बोटं झाली, मग नखांभोवतीचं सुरू केलं. ते करता करता विचारलं, “मग उद्या डबा करायचा का नाही?”

“करा,” मी म्हटलं. “साडेसातला पोचायचंय.”